किडनीचं पथ्य आहे म्हणून फळ बंद करू नका, आधी रिपोर्ट बघा

आमच्या कोल्हापुरात आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे हातात शहाळं नाहीतर फळांची पिशवी पाहिजेच, मोकळ्या हातानं कोण जात नाही. चांगली रीत आहे ही. पण ज्याला बघायला चाललोय त्याच्या किडन्या अधू झालेल्या असतील तर तीच पिशवी त्याला बाधू शकते हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. आणि ज्यांना थोडंफार माहीत असतं ते एकदम दुसऱ्या टोकाला, "किडनीचा पेशंट ना, मग फळ अजिबात नको." मला ही दोन्ही टोकं पटत नाहीत. घरात किडनीचं पथ्य सांभाळताना डॉक्टर आणि डायटिशियनच्या मागं लागून लागून जे समजून घेतलं ते इथं लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण ज्यांच्या घरात हे चालू आहे ते वाचतील याची खात्री आहे.

आमचे मामा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्यात नोकरी झाली, शुगर आणि बीपी दोन्ही जुनं, आणि किडनी खराब व्हायची सगळ्यात मोठी कारणं हीच दोन. क्रिएटिनिन (किडनी कमी पडली की रक्तात साठणारा कचरा) हळूहळू वर सरकत गेलं, आता ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, तिसाच्या खाली आहे म्हणजे चौथी स्टेज (१५ ते २९ ही चौथी, १५ च्या खाली गेलं की पाचवी). डायलिसिस लागलेलं नाही. मामांना मटणापेक्षा फळांचं वेड जास्त, कोल्हापूरकर माणसाबद्दल हे सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण खरं आहे. पथ्याचा कागद हातात आला तेव्हा ते आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "रस्सा सोडतो, पापड-लोणचं सोडतो, फळाचं तेवढं काहीतरी बघा." त्या एका वाक्यापायी मी हा सगळा अभ्यास केला.

मुद्दा पोटॅशियमचा आहे. फळं, भाज्या, डाळी, दूध सगळ्यात ते असतं आणि धडधाकट माणसाला ते चांगलंच, बीपीसाठी तर फारच चांगलं. आपण खाल्लेल्या पोटॅशियमपैकी साधारण ९० टक्के किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी कमी पडली की ते रक्तात साठायला लागतं, आणि हृदयाचे ठोके ज्या विजेवर चालतात तिचा तोल या पोटॅशियमवर असतो. रक्तातलं प्रमाण साधारण ३.५ ते ५ असावं, ५.५ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, ६ आणि ६.५ च्या वर म्हणजे ईसीजी काढा, ॲडमिट व्हा अशी वेळ. वाईट गोष्ट अशी की बऱ्याचदा काही जाणवतच नाही, थोडा अशक्तपणा, पायात जडपणा, छातीत धडधड, एवढंच, आणि ते वयामुळं असेल म्हणून माणूस सोडून देतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं, फळाचं ठरवायच्या आधी पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. नुसत्या क्रिएटिनिनवर फळ बंद करू नका. क्रिएटिनिन तीन असलेल्या एकाचं पोटॅशियम ४.२ असतं आणि क्रिएटिनिन दोन असलेल्या दुसऱ्याचं ५.७, असंही होतं, कारण ते फक्त खाण्यावर नसतं. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, आणि हृदयासाठी देतात ती स्पायरोनोलॅक्टोन, यांच्यानं पोटॅशियम वाढतं (म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत हां, यातल्या बऱ्याचशा किडनी वाचवण्यासाठीच दिलेल्या असतात, डॉक्टरांना विचारायचं). शुगर ताब्यात नसेल तरी वाढतं. रक्तात आम्ल वाढलं तरी वाढतं. कधीकधी तर रक्त घेताना सुईत पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम सँपलमधे उतरून रिपोर्ट खोटाच जास्त येतो, अशावेळी डॉक्टर परत रक्त घ्यायला सांगतात, त्याला कंटाळू नका. तिसऱ्या स्टेजच्या, पोटॅशियम नॉर्मल असलेल्या माणसाला सफरचंदसुद्धा न देणारी घरं मी बघितलीत आणि मला मनापासून वाईट वाटतं. त्या माणसाचं आधीच मीठ गेलेलं, कित्येकदा गोडही गेलेलं, आणि वर हे.

आता बाजारात चला. मी कपिलतीर्थ मार्केटला जाते, कधी लक्ष्मीपुरीत, आणि माझ्या डोक्यात आता प्रत्येक फळापुढं पोटॅशियमचा एक आकडा असतो. अमेरिकन कृषी खात्याचा तक्ता आहे, त्यातले आकडे, सगळे १०० ग्रॅममागे मिलिग्रॅममधे. सफरचंद १०७, अननस १०९, कलिंगड ११२, पेअर ११६, स्ट्रॉबेरी १५३, आंबा १६८, संत्रं १८१, पपई १८२, द्राक्षं १९१, चिकू १९३. इथून पुढं चढ लागते. डाळिंब २३६, खरबूज २६७, किवी ३१२, केळं ३५८, पेरू ४१७, फणस ४४८. आणि जांभूळ फक्त ७९! हे वाचून मला एवढा आनंद झाला होता, कारण जूनमधे राधानगरी-गगनबावड्याकडच्या बायका पाट्या घेऊन बसतात आणि मामांचं ते बालपणापासूनचं फळ. आता जांभळं आली की मूठभर आमच्या घरी येतातच. आपल्या झाडावरची फळं त्या तक्त्यापेक्षा थोडी इकडं तिकडं असणार, पिकलेपणावर, जातीवर फरक पडतोच, पण कुठलं खाली आणि कुठलं वर एवढं कळायला पुरेसं आहे.

पण नुसता हा तक्ता पाठ करून भागत नाही, कारण कोणी १०० ग्रॅम मोजून खात नाही. कलिंगडाचा आकडा ११२ म्हणून चांगलं वाटतं, पण उन्हाळ्यात माणूस अर्धा किलो सहज संपवतो, झाले साडेपाचशेच्या वर. उलट आंबा १६८ आहे पण दोन फोडी खाल्ल्या तर काय मोठं झालं? डायटिशियन एका वेळच्या फळातून २०० मिलिग्रॅमच्या आत बसवायला बघतात, आणि ज्यांना खरंच पोटॅशियम कमी करायचंय त्यांना दिवसभराचं सगळं मिळून साधारण २००० ते ३००० च्या दरम्यान सांगतात, ते प्रत्येकाच्या रिपोर्टवर. म्हणजे मधल्या आकाराचं एक सफरचंद बसतं, अननसाची वाटीभर फोडी बसतात, पपईच्या चारपाच फोडी बसतात. एक मध्यम केळं ४०० च्या वर जातं, आणि आपल्याकडचा मोठा पेरू एकटाच ६०० च्या पुढं. पेरू मामांसाठी आणतच नाही आता, तेवढं त्यांनी मान्य केलं.

आंब्याचं मात्र मान्य केलं नाही. देवगड-रत्नागिरीचा हापूस घाट चढून शाहू मार्केट यार्डात आला की आख्ख्या शहराला वास लागतो, त्या दिवसात घरातल्या एका माणसाला सांगायचं की तुम्ही बघत बसा, हे मला जमणारं नव्हतं. डायटिशियनला सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट ठीक असेल तेव्हा दोन फोडी द्या, आमरस नको, आणि त्या दिवशी जेवणात टोमॅटो, बटाटा, पालक ठेवू नका, शुगर जेवणाआधी आणि नंतर बघा. म्हणजे हे बजेट आहे. एका बाजूला खर्च केला की दुसऱ्या बाजूला हात आखडायचा. आमरसाला नाही का, तर वाटीभर रसात आख्खा आंबा नाहीतर दीड आंबा जातो, चावायला लागत नाही, वाटी कधी संपली कळत नाही, आणि पोळीबरोबर दुसरी वाटी आपोआप येते. मामा फोडी खातात, सालीकडचं बाठीकडचं सगळं सावकाश, आणि खूश असतात.

रसाचा हाच नियम सगळीकडं. एक संत्रं खाल्लं तर अडीचशेच्या आत, ग्लासभर संत्र्याचा रस काढला तर पाचशेच्या आसपास. आणि सुकवलेलं फळ तर त्याहून वाईट, पाणी गेलं आणि पोटॅशियम राहिलं. द्राक्षं १९१, तीच तासगावला सुकून बेदाणा झाली की ७४९. खजूर साडेसहाशेच्या वर, सुकं अंजीर तेवढंच, जर्दाळू हजाराच्या वर. किडनीच्या माणसाला "रक्त वाढायला" म्हणून खारीक, मनुका, डाळिंबाचा रस, बीट हे सगळं दिलं जातं, प्रेमानं दिलं जातं, म्हणून सांगायला अवघड जातं. पण किडनीच्या आजारात रक्त कमी होतं त्याचं मुख्य कारण वेगळं आहे. रक्तपेशी तयार करा असा निरोप हाडातल्या मगजाला देणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन किडनीच बनवते, किडनी थकली की ते कमी पडतं. त्यावर इंजेक्शन असतं, लोह कमी असेल तर लोह देतात. डाळिंबाचा रस तो निरोप देऊ शकत नाही.

शहाळ्याबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. शहाळ्याचं पाणी म्हणजे पाणीच की, त्यात काय, असं लोकांना वाटतं. १०० मिलीत अंदाजे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम, एका ग्लासात ६००. एका वेळचा ठरवलेला आकडा तिप्पट झाला तिथंच. लघवी साफ होते म्हणून किडनीला चांगलं हा समज इतका घट्ट आहे की समजावताना तोंड दुखतं. किडनी धड असलेल्या माणसाला खुशाल द्या. ज्याचं पोटॅशियम वाढतंय त्याला शहाळं नको, थोडं पण नको.

आणि आपल्या कोल्हापूरचा गूळ, काकवी, उसाचा रस. गूळ आपला अभिमान आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, पण साखरेपेक्षा गूळ चांगला म्हणून चहात गूळ घालणाऱ्या किडनीच्या पेशंटांनी एक लक्षात घ्यावं, साखरेत पोटॅशियम जवळजवळ नसतंच, गुळात भरपूर असतं. ज्या लोह आणि खनिजांसाठी गुळाचं कौतुक करतो त्यातच ते येतं. काकवीत तसंच. भाकरी-काकवी हे मामांचं गुऱ्हाळातलं खाणं, शुगरमुळं ते आधीच सुटलं होतं, किडनीनं दुसरं कारण दिलं.

एक फळ मात्र असं आहे की त्यात वाटी, फोड, बजेट काही चालत नाही. स्टारफ्रूट, कोणी कमरख म्हणतं कोणी करमल म्हणतं, पिवळसर हिरवं, पाच धारांचं, कापलं की चांदणी दिसते. शाळेबाहेर तिखट-मीठ लावून मिळतं. त्यात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य आहे, २०१३ मधे ब्राझीलच्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं, शिवाय ऑक्झलेट भरपूर. चांगली किडनी ते बाहेर टाकते, खराब किडनीत ते साठतं. आधी न थांबणारी उचकी लागते, मग उलट्या, भ्रम, फिट, आणि माणूस दगावल्याचीही नोंद आहे. डायलिसिसच्या पेशंटांत हे जगभर झालंय. तर किडनीचा आजार कुठल्याही स्टेजचा असू दे, हे फळ नाही म्हणजे नाही, एक फोडसुद्धा नाही, आणि चुकून खाल्लं गेलं असेल आणि उचकी लागली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना, आणि तिथं फळाचं नाव सांगायचं.

नवरात्राचं पण बोलते, कारण अंबाबाईच्या गावात नऊ दिवस उपास करणारी घरं हजारोंनी आहेत आणि आमच्या आत्या स्वतः करतात. उपासाचं ताट डोळ्यापुढं आणा. केळं, खजूर, रताळं, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा गुळातला लाडू, वर शहाळं. किडनीच्या माणसासाठी वर्षातलं सगळ्यात जास्त पोटॅशियमचं ताट हेच, आणि लोकांना वाटतं उपास आहे, हलकं खाणं आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ७०० च्या वर, बटाट्यात ४०० च्या वर. साबुदाण्यात स्वतःत मात्र काहीच नाही म्हटलं तरी चालेल, खिचडीत जे येतं ते दाण्याच्या कुटानं आणि बटाट्यानं. मग मामांच्या खिचडीत कूट नावाला, बटाट्याच्या बारीक फोडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून मग घालायच्या (नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा उकडून पाणी टाकलं की जास्त जातं), आणि फळ म्हणून सफरचंद नाहीतर पपई. अष्टमीचा एकच उपास ते करतात, तोही डॉक्टरांना विचारून, इन्शुलिन आहे म्हणून. देवी काही रागावत नाही.

उपासाच्या निमित्तानं आणखी एक. बीपीवाल्यांसाठी दुकानात "लो सोडियम" मीठ मिळतं. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. फळातलं पोटॅशियम तरी चोथ्याबरोबर हळूहळू येतं, हे मीठ थेट रक्तात. फळ काटेकोर मोजायचं आणि आमटीत हे मीठ घालायचं याला काही अर्थ नाही. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा.

मग एवढं सगळं आहे तर फळ सोडूनच का देऊ नये? डायटिशियननं मला जे समजावलं त्यातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. किडनी कमी पडली की पोटॅशियम बाहेर टाकायचं थोडं काम आतडी उचलतात, शौचावाटे जातं. फळ आणि भाजी दोन्ही तोडली की चोथा गेला, पोट साफ होईना, आणि पोटॅशियम आणखी साठणार. शिवाय आजारी किडनीला रक्तातलं आम्ल काढायला जड जातं, मटण-अंड्यानं आम्ल वाढतं, फळ-भाजीनं ते थोडं शमतं. फॉस्फरस फळात मुळातच कमी. किडनीच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणारी केडीआयजीओ ही संस्था आहे, तिच्या २०२४ च्या पुस्तिकेतही वनस्पतीचं, विविध खाणं वाढवा, अति प्रक्रिया केलेलं कमी करा असंच सांगितलंय, आणि पोटॅशियमचं बंधन ज्याचं पोटॅशियम वाढतं त्याच्यासाठी. म्हणजे बंदी पहिली लागली पाहिजे ती पाकीटबंद फरसाण, चीज, कोल्ड्रिंकला. आमच्याकडं उलट होतं, पाव-शेव चालू आणि पपई बंद.

डायलिसिसवर असलेल्यांचं गणित थोडं वेगळं. आठवड्यात तीन डायलिसिस असले तरी एकदा मधे दोन दिवसांचा खंड पडतो, रविवारला लागून असतो बऱ्याच ठिकाणी, त्या खंडात पोटॅशियम आणि पाणी दोन्ही सगळ्यात वर जातं, म्हणून रविवारच्या पाहुणचारात फळ जपून. आणि पाणी मोजून असेल तर कलिंगड हे ९२ टक्के पाणीच आहे, ते त्या मापातच धरायचं. पोटाच्या डायलिसिसवाल्यांचं (पोटात द्रव सोडून करतात ते) काहीवेळा उलट असतं, पोटॅशियम कमी पडतं आणि डॉक्टरच केळं खा म्हणतात, तेव्हा शेजारच्याचं पथ्य बघून आपलं ठरवू नका. ज्यांची किडनी बदललेली आहे आणि शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ती टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू आहे त्यांनी ग्रेपफ्रूट आणि पपनस खायचं नाही, गणपतीत फळवाल्याकडं पपनस येतं ते दिसायला सुंदर असतं, पण त्यानं त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

शेवटचं शुगर उतरल्यावरचं, कारण हे अचानक येतं आणि तेव्हा कोणाला सुचत नाही. मामांसारखी शुगर आणि किडनी दोन्ही असलेली खूप माणसं आहेत, आणि किडनी कमजोर झाली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं म्हणून शुगर खाली जायचा धोका वाढतो. घाम सुटला, हात थरथरले की घरातलं कोणीतरी पळत जाऊन केळं नाहीतर संत्र्याचा रस आणतं. तेव्हा पाण्यात साखर द्या, तीन चमचे, नाहीतर ग्लुकोजची पावडर, लवकर चढते आणि पोटॅशियमचा प्रश्नच नाही. पंधरा मिनिटांनी परत शुगर बघा, वर आली नसेल तर परत द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. आमच्याकडं ग्लुकोजचा डबा मामांच्या औषधांच्या शेजारीच असतो, आणि तो कशासाठी आहे हे नातवंडांनाही सांगून ठेवलंय.